बापूदेव शास्त्री : लीलावतीच्या वाटेने नव्या गणिताकडे

इंदूरहून भोपाळच्या रस्त्याला लागलं, की देवास, आष्टा मागे टाकून सीहोर येतं. 1838 मध्ये याच गावात नागपूरहून एक सोळा-सतरा वर्षांचा मराठी मुलगा शिकायला आला. नाव नृसिंह परांजपे, घराणं मूळचं नगर जिल्ह्यातलं. पुढे काशीने त्याला बापूदेव शास्त्री म्हणून ओळखलं.

गणित जुन्या पद्धतीने शिकवावं की नव्या, हा वाद आजही घरोघरी चालतो. तेव्हा तो फारच टोकाला गेला होता. 1835 मध्ये कंपनी सरकारने शिक्षणाचा पैसा इंग्रजीकडे वळवला. संस्कृतातलं गणित-ज्योतिष टाकाऊ, असं एक टोक. परक्यांची विद्या नकोच, हे दुसरं.

सीहोरला मात्र तिसरी वाट धरली होती. भोपाळचा पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन तिथली शाळा चालवायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. पृथ्वी गोल आहे, ती कशाच्याही आधारावर उभी नाही, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच युक्तिवादाने मांडलं होतं. मग मुलांना आधी भास्कराचार्य नीट शिकवा. तिथून कोपर्निकस एका पावलावर आहे. त्याच्या प्रेरणेने सुबाजी बापूंनी 1836 मध्ये मराठीत ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ लिहिला. पुराणं, सिद्धांत आणि कोपर्निकस या तिन्हींची तुलना त्यात आहे.

बापूदेव नागपुरात धुंडिराज मिश्रांकडे लीलावती आणि बीजगणित शिकले होते. विल्किन्सनने त्यांची हुशारी हेरली आणि त्यांना सीहोरला आणलं. तिथे त्यांनी एकीकडे सिद्धांतग्रंथ वाचले, तर दुसरीकडे युक्लिडची भूमिती. लीलावतीत नियम श्लोकात असतो, तो पाठ करून उदाहरणं सोडवायची. युक्लिड प्रत्येक पायरीला कारण देतो. दोन्ही पद्धती एकाच डोक्यात रुजल्या.

1841 मध्ये विल्किन्सन वारला. त्याच सुमारास बापूदेवांना काशीच्या संस्कृत पाठशाळेत नेमणूक मिळाली. पुढची चाळीसहून अधिक वर्षं ते तिथे शिकवत राहिले. त्यांनी त्रिकोणमिती संस्कृतात आणली, अंकगणित आणि बीजगणित हिंदीत लिहिलं. बीजगणितासाठी सरकारने त्यांना दोन हजार रुपये बक्षीस दिले. 1861 मध्ये त्यांनी केलेलं सूर्यसिद्धांताचं इंग्रजी भाषांतर कलकत्त्याहून निघालं. विल्किन्सनने केलेलं गोलाध्यायाचं भाषांतरही त्यांनीच तपासून छापायला दिलं.

पण ही वाट सोपी नव्हती, दोन्हीकडून टोचणी होती. 1858 मध्ये त्यांनी लिहिलं, की ग्रहाची त्या-त्या क्षणाची गती काढताना भास्कराचार्य चलनकलनाच्या मूळ कल्पनेपर्यंत पोहोचले होते. इंग्लंडचा गणिती स्पॉटिसवुड याने 1860 मध्ये या दाव्यावर शंका घेतली : रीतीत साम्य आहे, पण अतिसूक्ष्म राशीची कल्पना स्पष्ट मांडलेली दिसत नाही. इकडे बापूदेवांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे पंचांग काढलं. आकाशात ग्रह जिथे दिसतो तिथेच तो पंचांगातही असावा, हा त्यांचा आग्रह होता. पण पंचांग बदललं की तिथी बदलते आणि तिथी बदलली की सण, श्राद्ध, मुहूर्त सगळंच हलतं. साहजिकच हे सगळ्यांना पचलं नाही.

सरकारने त्यांना सी.आय.ई. आणि महामहोपाध्याय हे किताब दिले. पण त्यांच्या पद्धतीची खरी परीक्षा विद्यार्थ्यांत झाली. त्यांच्यानंतर त्यांच्या जागी आलेले सुधाकर द्विवेदी पारंपरिक संस्कृत अभ्यासात वाढलेले. त्यांनी चलनकलनावर हिंदीत ग्रंथ लिहिला. जुनं मोडून नवं आणावं लागलं नाही. जुनं नीट समजलेला शिक्षक मिळाला, म्हणून नवं आपल्या भाषेत आलं.