विश्लेषण : ‘तुतारी’ लिहिणारे केशवसुत पोटासाठी काय करत होते?

केशवसुतांची ‘तुतारी’ अनेकांनी शाळेत असताना वाचली. ती लिहिणारा स्वतः शाळामास्तर होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मूळ नाव कृष्णाजी केशव दामले. जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचा. वडीलही शिक्षकच.

नोकरी कशी होती?

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून ते मॅट्रिक झाले, तेव्हा विशी उलटली होती. पुढे पदवी झाली नाही, आणि पदवी नसलेल्या मास्तराला पगार तुटपुंजाच मिळायचा. मुंबईत त्यांनी एकामागून एक शाळा बदलल्या. डोक्यावर संसाराचा भार होता. ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ या दोन्ही कविता याच ओढाताणीच्या काळातल्या, १८९३ मधल्या. दिवसभर वर्ग घेऊन उरलेल्या वेळात माणूस हे लिहीत होता!

मुंबई का सोडली?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. केशवसुतांनी खानदेश गाठला. आधी भडगाव, मग फैजपूर. तिथे ते मुख्याध्यापकही झाले. १९०४ मध्ये मराठी शिकवण्यासाठी धारवाडच्या हायस्कुलात गेले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होते.

पुढे काय झाले?

ज्या प्लेगमुळे मुंबई सोडली, त्याच प्लेगने ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीत त्यांचा बळी घेतला. काही दिवसांतच पत्नीही गेली. हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नाही. तो कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी पुढे १९१७ मध्ये काढला.