मादाम माँटेसरी आणि शांततेचा खेळ

घरात मुलांचा गलका सुरू झाला, की आपण हाताची घडी, तोंडावर बोट असा हुकूम सोडतो. गप्प बसणे म्हणजे शिक्षा, असे मुले मग धरूनच चालतात. तीच शांतता चार वर्षांच्या मुलांना खाऊपेक्षाही गोड लागते, हे जगाला दाखविले मादाम मारिया माँटेसरी यांनी.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाल्ले या गावी झाला. मुलींनी वैद्यक शिकावे असे दिवस नव्हते, तरीही १८९६ साली त्या रोम येथे डॉक्टर झाल्या. मंदबुद्धी मुलांची सेवा करताना त्यांना इटार्ड या जुन्या फ्रेंच डॉक्टरचे ग्रंथ मिळाले. इटार्ड पॅरिसच्या मूकबधिर विद्यालयात काम करीत. रानात सापडलेल्या एका मुलाचे डोळे बांधून त्यांनी त्याला आधी घंटा आणि ढोल यांच्या आवाजांतील फरक ओळखायला लावला व मग हळूहळू बारीक फरकांकडे नेले. कान असला म्हणजे ऐकू येतेच असे नाही, ऐकणेही शिकवावे लागते, हे माँटेसरीबाईंनी यातून उचलले. ते ग्रंथ त्यांनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. तेथे पुढे आवाजाच्या डब्या आल्या. सहा-सहा डब्यांचे दोन संच, आत निरनिराळ्या वस्तू. हलवून, कानाशी धरून मुलाने जोड्या लावायच्या. (हे आपल्यालाही घरी करता येईल. सारख्या डब्यांत मोहरी, तांदूळ, चिंचोके घाला आणि नातवंडांपुढे ठेवा. दुपार कशी गेली ते कळणार नाही!) घंटाही होत्या, दिसायला सगळ्या सारख्या, पण स्वर वेगळे. डोळ्यांचा उपयोगच नाही, सारी भिस्त कानांवर.

पण खरी गंमत घडली ती साधनांवाचून. एके दिवशी अंगणात त्यांना एक बाई भेटली. तिची चार महिन्यांची तान्ही मुलगी घेऊन त्या वर्गात आल्या. दुपट्यात घट्ट गुंडाळलेले ते बाळ अगदी निश्चल होते. हिच्याइतके शांत तुम्हांला राहता येणार नाही, हिच्यासारखा हलका श्वासही घेता येणार नाही, असे त्या थट्टेने म्हणाल्या. मुलांनी पाय आवरले, श्वास रोखले. एरवी कुणाच्या ध्यानीही न येणारी घड्याळाची टिकटिक खोलीभर ऐकू येऊ लागली.

मुलांचे कान किती तीक्ष्ण आहेत हे पाहावे म्हणून पुढे बाई शेजारच्या खोलीतून एकेकाचे नाव कुजबुजत्या स्वरात घेऊ लागल्या. ज्याचे नाव येई तो पाऊल न वाजविता उठून येई. चाळीसएक मुले आपली पाळी येईपर्यंत मुकाट वाट पाहत. बक्षीस म्हणून त्यांनी खाऊ आणला, तर मुलांनी तो नाकारला.

परक्या मुलांना अशी हाक घालणाऱ्या या बाईंचा स्वतःचा मुलगा, मारिओ, तेव्हा दुसऱ्याच घरी वाढत होता. १८९८ साली लग्नावाचून झालेले मूल. ते उघड झाले असते तर त्यांचे सारे कार्य तेथेच संपले असते. त्यांच्या आईच्या मृत्यूनंतर, १९१३ च्या सुमारास, तो त्यांच्याकडे आला, पण जगापुढे भाचा म्हणून. मला तर त्यांना नावे ठेववत नाहीत.

१९३९ साली मायलेक मद्रासजवळ अड्यारला आले. आपल्या ताराबाई मोडक आणि गुजरातचे गिजुभाई बधेका यांनी त्यांची पद्धत इकडे आधीच रुजविली होती. १९४० साली इटली युद्धात उतरताच इंग्रज सरकारने मारिओंना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला माँटेसरीबाईंना सत्तर वर्षे पूर्ण झाली आणि व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून तुमचा मुलगा तुम्हांला परत देत आहोत, असा तिचा आशय होता. भाचा नव्हे, मुलगा.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांनी देह ठेवला, तेव्हा मारिओ जवळच होते.