विमाधारकांच्या पैशाचे राखणदार : चिंतामणराव देशमुख

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. वटहुकमाची तयारी कमालीच्या गुप्ततेने झाली होती, कारण सुगावा लागताच काही कंपन्यांची तिजोरी रिकामी होण्याचा धोका होता. १५४ भारतीय व १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या यांच्या आयुर्विम्याचा कारभार सरकारकडे आला.

रायगडाच्या परिसरातील नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मलेले देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. केंब्रिजचे शिक्षण आणि सनदी सेवेनंतर १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

विम्यावर देखरेख ठेवणारा १९३८ चा कायदा होता, १९५० मध्ये तो अधिक कडकही झाला. तरीही दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्या बुडाल्या आणि आणखी तितक्याच कंपन्यांचा व्यवसाय विमाधारकांना तोटा सोसून इतरांकडे सोपवावा लागला. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत भारत इन्शुरन्समधील गैरव्यवहार मांडला. निव्वळ तपासणीने हे थांबणार नाही, हा देशमुखांचा निष्कर्ष पक्का झाला.

आग, सागरी आदी सर्वसाधारण विमा मात्र त्यांनी खाजगी क्षेत्रातच ठेवला. तो व्यापाराशी निगडित असून सामान्यांच्या बचतीशी त्याचा थेट संबंध नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या कंपन्यांचा पुनर्विम्याचा हप्ता मात्र परदेशी जात असे. तो देशात राहावा म्हणून १९५६ मध्येच इंडिया रीइन्शुरन्स कॉर्पोरेशन स्थापन झाले, आणि १९६१ च्या दुरुस्तीने व्यवसायाचा ठरावीक हिस्सा देशांतर्गत पुनर्विम्याला देणे बंधनकारक ठरले. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण व्हायला १९७२ चा कायदा यावा लागला.

आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झाले, तेव्हा देशमुख मंत्रिपदावर नव्हते. मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ जुलैमध्येच त्यांनी पद सोडले होते. पुढे या महामंडळाच्याच गुंतवणुकीवरून मुंदडा प्रकरण उभे राहिले आणि १९५८ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. मालकी सरकारची झाली, म्हणून देखरेखीची गरज संपली नव्हती.

देशमुखांनी नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. कालिदासाचे मेघदूतही मराठीत आणले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.