चिलखती प्राण्याचे नामकरण करणारे डॉक्टर : गिडियन मँटेल

डायनोसॉरची चित्रे बालवाडीपासून आपल्या ओळखीची असतात. पण ‘डायनोसॉर’ हा शब्दच जगात नव्हता, त्या काळात एका खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या डॉक्टराने चिलखत घातलेल्या एका प्राण्याला नाव दिले. ते नाव आजही तसेच चालते. त्या डॉक्टरचे नाव गिडियन मँटेल. शिस्तीच्या शाळेत शिकणाऱ्यांना त्यांचे चरित्र आवडावे असे आहे, कारण हातात पुरेसा वेळ, पैसा किंवा ओळखी असे काहीही नसताना केलेले हे काम आहे.

मँटेल यांचा जन्म ३ फेब्रुवारी १७९० रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील ससेक्स परगण्यात, लुईस या गावी झाला. वडील जोडे बनवण्याचा व्यवसाय करीत. घराणे इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या बाहेरचे, म्हणून गावातील चांगल्या शाळेचे दार या मुलाला बंद होते. मग घरगुती शाळा, एका खासगी शिक्षकाकडे थोडी वर्षे, नंतर काकांकडे राहून शिक्षण असे करीत पंधराव्या वर्षी त्यांनी गावातील सर्जन जेम्स मूर यांच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली. पुढे लंडनला जाऊन १८११ मध्ये सर्जनची पदविका घेतली आणि मूर यांच्याच दवाखान्यात भागीदार म्हणून ते परत आले.

त्या दवाखान्याचे काम किती असावे? कॉलरा, विषमज्वर, देवी अशा साथींच्या दिवसांत रोज पन्नासाहून अधिक रुग्ण आणि वर्षाला दोनशे ते तीनशे बाळंतपणे. शिवाय जवळच्या रिंगमर येथील तोफखान्याच्या लष्करी इस्पितळाची जबाबदारीही त्यांनी घेतली होती. घोड्यावरून गावोगाव जायचे, आणि वाटेत दगडाची खाण दिसली की उतरून पाहायचे. रात्री घरची मंडळी झोपल्यावर छिन्नी घेऊन दगडातून हाडे मोकळी करायची. खाणीतल्या मजुरांना त्यांनी सांगून ठेवले होते की दगडात काही वेगळे दिसले तर फेकू नका, पैसे देईन.

१८१६ मध्ये त्यांचा मेरी ॲन वुडहाउस यांच्याशी विवाह झाला. १८२२ मध्ये साउथ डाउन्स टेकड्यांतील जीवाश्मांवर मँटेल यांचे मोठे पुस्तक निघाले, त्यातील ४२ चित्रपट्ट्या मेरी ॲन यांनी कोरल्या होत्या. याच सुमारास काही मोठे, झिजलेले दात या दांपत्याच्या हाती लागले. ते मेरी ॲन यांना रस्त्याच्या कडेला सापडले अशी एक गोष्ट पुस्तकांत हटकून असते. गोष्ट गोड आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही.

दात कोणाचा, यावर मोठी माणसेही चुकली. पॅरिसचे जॉर्ज क्युव्हिए म्हणजे त्या काळी हाडे ओळखण्यातील शेवटचा शब्द. त्यांनी प्रथम तो गेंड्याचा दात ठरवला. मँटेल यांना ते पटेना. लंडनच्या सर्जन्स कॉलेजच्या संग्रहालयात ते नमुने ताडून पाहत होते, तेव्हा तेथील सॅम्युअल स्टचबरी यांनी त्यांना इग्वाना दाखवला. हा आपल्या घोरपडीसारखा दिसणारा, पण पाला खाणारा अमेरिकेतील सरडा. दाताची घडण तीच, आकार मात्र कितीतरी मोठा. क्युव्हिए यांनीही मग आपले मत मोकळेपणाने बदलले. १८२५ मध्ये मँटेल यांनी त्या प्राण्याला इग्वानोडॉन हे नाव दिले आणि त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

पुराव्याकडे पाहण्याची त्यांची ही सवय दगडांपुरती नव्हती. १८२६ मध्ये नवऱ्याला सोमल घालून मारल्याच्या आरोपावरून एका स्त्रीला फाशीची शिक्षा झाली. मँटेल यांनी वैद्यकीय पुरावा तपासला, तो लंगडा आहे हे दाखवून दिले आणि त्या स्त्रीला माफी मिळाली. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील हे काम इग्वानोडॉनपेक्षा कमी मोलाचे नाही.

आता चिलखती प्राण्याकडे येऊ. १८३२ च्या उन्हाळ्यात ससेक्समधील टिलगेट जंगलातील एका खाणीत सुरुंग लावला गेला. कडा ढासळला आणि फुटलेल्या दगडांत हाडे दिसू लागली. जीवाश्मांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका स्थानिक माणसाने सुमारे पन्नास तुकडे गोळा करून ठेवले. हा सगळा चुरा घेण्यात अर्थ आहे का, अशी मँटेल यांना शंका होती. तरी त्यांनी तो घेतला. घरी आणून तुकडे जुळवू लागल्यावर लक्षात आले की हे एकाच शिळेचे भाग आहेत आणि शिळेत एकाच प्राण्याची हाडे, बरीचशी जागच्या जागी, एकमेकांना लागून आहेत.

याचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. तोवर मेगॅलोसॉरस आणि इग्वानोडॉन यांची माहिती सुट्या हाडांवरून जमवलेली होती. सुटी हाडे म्हणजे संशय. येथे एक भारतातले उदाहरण देतो. जबलपूर हे लष्करी छावणीचे शहर. आपल्या देशातील डायनोसॉरची पहिली हाडे तेथेच १८२८ मध्ये एका सैनिकी अधिकाऱ्याला, कॅप्टन स्लीमन यांना सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारे ते हेच. पुढे १९२३ मध्ये त्याच जबलपूरच्या परिसरातील हाडांवरून चार्ल्स मॅटली यांनी लॅमेटासॉरस नावाचा चिलखती डायनोसॉर जाहीर केला. नंतरच्या अभ्यासकांना दिसले की कमरेची व पायाची हाडे एका मांसभक्षकाची आहेत आणि चिलखताचे तुकडे बहुधा दुसऱ्याच, लांब मानेच्या शाकाहारी प्राण्याचे. म्हणजे दोन प्राण्यांचे मिळून एक नाव! मँटेल यांच्या शिळेत ही भीती नव्हती. तोपर्यंत सापडलेला डायनोसॉरचा सर्वांत परिपूर्ण सांगाडा तोच होता.

शिळा साधारण १३५ सेंटिमीटर लांब व ७५ सेंटिमीटर रुंद. तीत कवटीचा मागचा भाग, सुमारे दहा मणके, दोन्ही खांद्यांची हाडे, आणि त्यांच्याबरोबर हाडांच्या तबकड्या व लांब टोकदार काटे. मँटेल यांना प्रथम वाटले की हा इग्वानोडॉनच. पण सर्जन्स कॉलेजच्या संग्रहालयाचे प्रमुख विल्यम क्लिफ्ट शिळा पाहायला आले आणि त्यांनी सुचवले की या तबकड्या व काटे म्हणजे अंगावरचे चिलखत असावे. मँटेल यांनी पुन्हा पाहिले, विचार केला आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय घेतला की हा प्राणी वेगळा आहे, त्याला वेगळे नाव हवे. ते नाव हायलिओसॉरस, म्हणजे जंगलातला सरडा. जंगल अर्थात टिलगेटचे.

५ डिसेंबर १८३२ रोजी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यांनी हा शोध मांडला. सभेने दाद दिली. रिचर्ड ओवेन यांच्याशी त्यांची पहिली भेट याच सभेत झाली. या नावाकडे पुढे यायचे आहे. दाद मिळाली तरी त्यांनी लिहिलेला निबंध एकतृतीयांशाने लांब आहे, असेही सोसायटीने कळवले. कापाकापी करण्यापेक्षा पुस्तकच लिहावे, असा सल्ला मित्र चार्ल्स लायेल यांनी दिला. मँटेल यांनी जुनी टिपणे काढली आणि तीन आठवड्यांत पुस्तक उभे केले; दवाखाना चालूच होता.

आणि येथे एक अडचण आली. १७ डिसेंबरला भूवैज्ञानिक हेन्री डी ला बेश यांनी त्यांना सावध केले. प्राण्याचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते : पहिला वंशाचा, दुसरा जातीचा. वाघाचे पँथेरा टायग्रिस, तसे. नव्या रिवाजाप्रमाणे जो दोन्ही शब्द देईल त्यालाच नामकर्ता मानले जाणार होते. मँटेल यांच्याकडे फक्त पहिला शब्द होता. इग्वानोडॉनच्या वेळी त्यांनी हेच केले होते. नुसते वंशाचे नाव दिले, आणि १८२९ मध्ये फ्रीड्रिख हॉल या जर्मन अभ्यासकाने त्याला जातीचे नाव जोडले. तसे पुन्हा होऊ द्यायचे नव्हते. दोनच दिवसांनी, १९ डिसेंबरला, त्यांनी दुसरा शब्द निवडला : आर्मेटस. लॅटिनमध्ये याचा अर्थ सशस्त्र किंवा चिलखतधारी. मे १८३३ मध्ये पुस्तक बाहेर आले आणि हायलिओसॉरस आर्मेटस हे पूर्ण नाव छापून झाले.

येथवर सगळे चढते. पुढचा भाग उताराचा आहे. त्याच वर्षी मँटेल कुटुंब ब्रायटन या श्रीमंत शहरात राहायला गेले. मोठे रुग्ण मिळतील ही आशा होती. आले ते हाडे पाहणारे. घराचे संग्रहालय झाले, दवाखाना बसला. लोकांकडून प्रवेशमूल्य घ्यायला डॉक्टरांचे मन होईना. अखेर १८३८ मध्ये सगळा संग्रह, हायलिओसॉरसच्या शिळेसह, त्यांनी ब्रिटिश म्युझियमला ४००० पौंडांना विकला. पुढच्या वर्षी मेरी ॲन घर सोडून गेल्या. दगडांनी भरलेल्या घरात त्यांनी बरीच वर्षे काढली होती, हे विसरता येत नाही. मुलगा वॉल्टर न्यूझीलंडला गेला. १८४० मध्ये लाडकी मुलगी हॅना वारली. आणि ११ ऑक्टोबर १८४१ रोजी लंडनजवळ क्लॅपहॅम येथे घोडागाडीच्या अपघातात ते लगामांत अडकून फरफटत गेले. पाठीच्या कण्याला झालेली इजा कधी बरी झाली नाही.

ते अंथरुणाला खिळलेले असताना रिचर्ड ओवेन यांचे काम छापून आले. १८४२ मध्ये ओवेन यांनी मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस या तिघांना एका गटात बसवले आणि गटाला डायनोसॉरिया नाव दिले. कमरेचे मणके एकजीव झालेले आणि पाय शरीराच्या खाली खांबासारखे उभे, ही त्यांची खूण. सरड्यांसारखे बाजूला फाकलेले पाय नव्हेत. ही दृष्टी ओवेन यांची, आणि ती मोठी होती; तेवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण तिघांपैकी दोघांना शोधून नाव देणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यांनी फार थोडे ठेवले. मँटेल थांबले नाहीत. कण्याच्या वेदनांसाठी अफू घेत, वाकलेल्या पाठीने ते व्याख्याने देत राहिले, लिहीत राहिले. १८४९ मध्ये इग्वानोडॉनवरील कामासाठी रॉयल सोसायटीने त्यांना पदक दिले, तेही ओवेन यांच्या विरोधानंतर. १० नोव्हेंबर १८५२ रोजी वेदनाशामक अफूची मात्रा जास्त होऊन त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या वाकड्या झालेल्या कण्याचा भाग सर्जन्स कॉलेजच्या संग्रहालयात ठेवला गेला. त्या संग्रहालयाचे प्रमुख तेव्हा ओवेन होते.

दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, लंडनच्या सिडनम येथे क्रिस्टल पॅलेसच्या बागेत वॉटरहाउस हॉकिन्स यांनी डायनोसॉरचे पूर्णाकृती पुतळे उभे केले. त्यांत हायलिओसॉरसच्या पाठीवर मधोमध काट्यांची रांग आहे. मँटेल यांनाही काटे तसेच असावेत असे वाटले होते, इग्वानाच्या पाठीवरच्या झालरीवरून. प्रत्यक्षात ते मान व खांद्यांच्या बाजूंना असत. मँटेल यांनी लांबी २५ फूट धरली होती. आजचा अंदाज सुमारे ५ मीटर. चौदा कोटी वर्षांच्या जवळपास जुना, चार पायांवर चालणारा, झाडपाला खाणारा असा हा प्राणी. त्याच्यासारखे इतर चिलखती डायनोसॉर सापडत गेले, तेव्हा १९२३ मध्ये अँकिलोसॉरिया हा स्वतंत्र गट करण्यात आला.

वर्गीकरणाचे भांडण मात्र मिटलेले नाही. वाइट बेटावर पोलॅकॅन्थस नावाचा दुसरा चिलखती डायनोसॉर सापडला. त्याच्या सांगाड्यात मुख्यतः मागचा भाग आहे, तर मँटेल यांच्या शिळेत पुढचा. म्हणून दोन्ही एकच की वेगळे, हे हाड हाडाला लावून ठरवणे कठीण जाते. काहींनी ते एकच मानले, इतरांनी वेगळे राखले. या शतकात शिळेतील दगड आम्लाने विरघळवून हाडे आणखी उघडी करण्याचे काम लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने हाती घेतले. नमुन्याचा नोंदणी क्रमांक ३७७५ आहे. त्याच्या शास्त्रीय नावापुढे रिवाजाप्रमाणे नामकर्त्याचे नाव आणि वर्ष लिहितात : मँटेल, १८३३.