विश्लेषण : दाताची नस वाचवू पाहणारे फिलिप फाफ कोण होते?

खोल किडलेल्या दाताची नस काढून न टाकता जिवंत ठेवण्याचा प्रयत्न आजचा नाही. २५० हून अधिक वर्षांपूर्वी बर्लिनमधील एका दंतवैद्याने तो केला होता.

राजाचे दंतवैद्य
फिलिप फाफ यांचा जन्म १७१३ चा. प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याचे ते दंतवैद्य होते. दुखरा दात उपटणे हाच तेव्हा नेहमीचा इलाज. फाफ यांनी १७५६ मध्ये दातांवर जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. मेणाने तोंडाचे माप घेऊन प्लास्टरचा नमुना करण्याची पद्धत त्यात होती. उघड्या पडलेल्या नसेवर सोन्याचा पातळ पत्रा झाकून दात भरण्याचा उपायही होता. १७६६ मध्ये त्यांचे निधन झाले.

सोने कुठे कमी पडले?
सोने गंजत नाही; पण नसेतील पेशींना कामालाही लावत नाही. ते फक्त झाकण ठरते. १९२० मध्ये जर्मनीच्या बर्नहार्ड हर्मन यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरात आणले. त्याने जखमेवर डेंटिनचा नवा थर तयार होऊ शकतो, हे पुढे दिसले.

आज काय बदलले?
नसेत स्टेम सेल असतात, हे २००० मध्ये संशोधकांनी दाखवले. कॅल्शियम सिलिकेट सिमेंटमधून सुटणारे कॅल्शियम या पेशींना डेंटिन बनवण्यास चालना देते. उलट, काही रेझिनमधील रसायने त्यांना मारकही ठरतात. यातून नवा दात उगवत नाही. पण आहे तो जिवंत राहू शकतो. फाफ यांची धडपड त्याचसाठी होती.