जड कॅमेरा उचलून दम लागायचा, म्हणून या गड्यानं खिशात मावणारा 'लाइका' बनवला

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट.

त्या आठवड्यातले फोटो आठवून बघा. काही फोटोंमध्ये नुसतं पाणीच पाणी आणि मधूनच वर आलेली घरांची छपरं. काही फोटोंमध्ये बोटीतून बाहेर काढलेली माणसं आणि त्यांचे चेहरे. दोन्ही फोटो खरेच. पण एकाच जागी उभं राहून, एकाच लेन्सनं, दोन्ही तितकेच चांगले मिळत नाहीत. पूर किती पसरलाय ते दाखवायचं, की पुरात कोण अडकलंय ते? वाइड अँगल लेन्स निवडताना सगळा घोळ इथंच असतो.

आज असे फोटो आपण खिशातून कॅमेरा काढून चालता चालता टिपतो. ही सवय जगाला ज्या माणसामुळे लागली, त्यानंही स्वतःच्या गावातला पूर टिपला होता. साल होतं १९२०, गाव जर्मनीतलं वेट्झलार, नदी लान आणि माणसाचं नाव ऑस्कर बार्नाक.

चित्रकार व्हायचं होतं, झाला मेकॅनिक

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ चा, बर्लिनच्या दक्षिणेला असलेल्या लिनो नावाच्या खेड्यातला. पोराला निसर्गचित्रं काढायची हौस होती. पण घरच्यांना पोटापाण्याचा धंदा हवा होता, म्हणून त्याला बारीक यंत्रं बनवणाऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली धाडलं. तिथं हात तयार झाला आणि १९०२ मध्ये येना शहरातल्या झाइस या नामांकित कंपनीत नोकरी लागली.

चित्रं राहिली, मग त्यानं फोटोग्राफीचा नाद लावून घेतला. सुट्टीच्या दिवशी तो डोंगरात, जंगलात जायचा. पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई आणि १३×१८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा. त्यात बार्नाकला दम्याचा त्रास. एवढं ओझं घेऊन चढण चढणं म्हणजे शिक्षाच.

मग त्याच्या डोक्यात आलं की निगेटिव्हच छोटी ठेवली तर? फोटो नंतर मोठा करता येईल. त्यानं एकाच प्लेटवर पंधरा-वीस छोटे फोटो काढून पाहिले. पण मोठे केल्यावर ते भुरकट, दाणेदार दिसायला लागले. कल्पना बरोबर होती, काच साथ देत नव्हती.

सिनेमाची फिल्म आडवी फिरवली

जानेवारी १९११ मध्ये तो वेट्झलारला लाइट्झ कंपनीत आला. ही कंपनी सूक्ष्मदर्शकांसाठी प्रसिद्ध होती. तिथं त्याच्या हाती सिनेमाच्या कॅमेऱ्याचं काम आलं आणि त्याबरोबर ३५ मिलिमीटरची सिनेमाची फिल्म. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मे १९१३ मध्ये मुंबईत लागला, तोही याच रुंदीच्या फिल्मवर होता.

ही फिल्म भल्यामोठ्या पडद्यावर दाखवली तरी चित्र नीट दिसतं. मग कागदावर का नाही दिसणार? सिनेमाची एक चौकट १८×२४ मिलिमीटरची असते. बार्नाकनं फिल्म आडवी फिरवली आणि दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. माप झालं २४×३६. आज ज्याला आपण फुल फ्रेम म्हणतो, ते हेच.

१९१४ पर्यंत त्याचा पहिला छोटा कॅमेरा तयार होता. मालक एर्न्स्ट लाइट्झ तो घेऊन अमेरिकेला जाऊनही आले. पण त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि काम बाजूला पडलं.

बार्नाक मात्र कॅमेरा वापरत राहिला. १९२० चे पुराचे फोटो त्याच कॅमेऱ्याचे. तिवई लावून, सगळ्यांना स्तब्ध उभं करून काढलेले ते फोटो नव्हते. तो पाण्याजवळ गेला, फोटो घेतला आणि पुढं सरकला.

कारखाना पणाला लागला

१९२३ मध्ये जर्मनीत महागाईनं कहर केला. नोटांना कागदाची किंमत उरली नाही. अशा वेळी लाइट्झ कंपनीसमोर प्रश्न आला की हा चिमुकला कॅमेरा बाजारात आणायचा का? कंपनीतल्या अनेकांचा विरोध होता. सूक्ष्मदर्शक विकणाऱ्यांनी खेळण्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूत पैसा का घालायचा, असा त्यांचा सवाल होता. पण कामगारांच्या हाताला काम द्यायचं तर नवं काहीतरी बनवणं भाग होतं. जून १९२४ मध्ये लाइट्झनी जोखीम घेतली. १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत 'लाइका' लोकांसमोर आला. त्याची ५० मिलिमीटरची लेन्स माक्स बेरेक या शास्त्रज्ञानं बनवली होती.

१९३० मध्ये लेन्स बदलता येणारा लाइका आला. १९३२ मध्ये त्यात लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर बसला. यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवून त्या एकमेकींवर नेमक्या बसवल्या की फोकस झाला.

आता मुद्द्याचं: ३५ की २८?

१९३० मध्येच लाइकासाठी ३५ मिलिमीटरची 'एलमार' आली होती. १९३५ मध्ये २८ मिलिमीटरची 'हेक्टर' आली. बेरेकनं हे नाव आपल्या कुत्र्यावरून ठेवलं, असं सांगतात.

साताऱ्याच्या एखाद्या पेठेत जुन्या वाड्यासमोर दहा फुटांवर उभे आहात असं समजा. आडव्या फोटोत ५० च्या लेन्सनं भिंतीची साधारण सात फूट रुंदी येते. ३५ नं दहा फुटांहून थोडी जास्त. २८ नं जवळपास तेरा फूट. मागं सरकायला बोळात जागाच नसेल, तर हे तीन फूट फार मोठे असतात.

मग सगळ्यांनी २८ च घ्यायची ना? इथंच गोम आहे. एलमारचं तोंड एफ ३.५ पर्यंत उघडायचं, हेक्टरचं फक्त एफ ६.३ पर्यंत. हा आकडा जितका छोटा, तितका उजेड जास्त. हिशोब केला तर एलमार तिपटीहून जास्त उजेड आत घ्यायची. म्हणजे वाईच्या गणपती घाटावर संध्याकाळी एलमारला १/६० सेकंद पुरत असेल, तर हेक्टरला सुमारे १/२० लागणार. तेवढ्यात पायऱ्या उतरणारा माणूस फोटोत पुसट होतो.

दुसरी भानगड बघण्याची. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. त्या काळच्या लाइकाची खिडकी ५० च्या लेन्सपुरतीच दाखवायची. ३५ असो वा २८, कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर लावावा लागायचा. फोकस एका खिडकीत, चौकट दुसरीत.

आज २८ च्या लेन्सही भरपूर उजेड घेतात, त्यामुळे तो फरक मिटलाय. पण दुसरा मिटलेला नाही. एकाच जागेवरून २८ नं टिपलेला माणूस ३५ च्या मानानं छोटा दिसतो. त्याला मोठं करायचं तर आणखी जवळ जावं लागतं, आणि फार जवळ गेलं की कडेचे चेहरे ताणलेले दिसतात. कासच्या पठारावर पायाशी फुलं आणि मागं आभाळ हवं असेल तर २८ भारी. चहाच्या टपरीवर गप्पा मारणारे चौघं टिपायचे तर ३५ बरी.

शिवाय आपल्या फोनचा मुख्य कॅमेरा बहुतेक वेळा २४ ते २८ च्या आसपासचंच दृश्य दाखवतो. म्हणजे २८ ची नजर तुमच्या खिशात आधीच आहे. रेंजफाइंडरसाठी एकच वाइड लेन्स घेणार असाल, तर ३५ तुम्हाला काहीतरी वेगळं देईल.

नाव कॅमेऱ्यात राहिलं

हेक्टर बाजारात आली त्याच्या पुढच्याच वर्षी, १६ जानेवारी १९३६ रोजी, बार्नाक गेला. वय अवघं ५६. लाइका या नावात मालकाचं आडनाव आहे, त्याचं नाही. पण १९७९ पासून त्याच्या नावानं फोटोग्राफीचा पुरस्कार दिला जातो. आणि १९२३ च्या सुमारास बनलेल्या चाचणी कॅमेऱ्यांपैकी त्यानं स्वतः वापरलेला, त्याचं नाव कोरलेला एक कॅमेरा जून २०२२ मध्ये लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला.

आयुष्यभर त्यानं काय केलं, तर काय सोडायचं ते ठरवलं. मोठी काच सोडली, तिवई सोडली, ओझं सोडलं आणि त्या बदल्यात माणसांच्या जवळ जाता आलं. लेन्स घेताना किती मावतंय हे सगळेच बघतात. आपण काय सोडायला तयार आहोत, हे आधी ठरवलं तर दुकानात फार वेळ लागत नाही.