उषा मेहता
उषा मेहता (२५ मार्च १९२० – ११ ऑगस्ट २०००) या भारतीय स्वातंत्र्यसैनिक, गांधीवादी कार्यकर्त्या आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. १९४२ च्या भारत छोडो आंदोलनात मुंबईतून चालवलेल्या ‘काँग्रेस रेडिओ’ या गुप्त नभोवाणी केंद्राच्या त्या प्रमुख संघटक होत्या.

बालपण आणि शिक्षण

त्यांचा जन्म गुजरातमधील सुरतजवळच्या सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश होते. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी सायमन कमिशनविरोधी निदर्शनांत भाग घेतला. १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आले. १९३९ मध्ये विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन त्या कायद्याकडे वळल्या. १९४२ मध्ये आंदोलनासाठी त्यांनी हे शिक्षण सोडले.

काँग्रेस रेडिओ

दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी नभोवाणी चालकांचे परवाने स्थगित केले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर निर्बंध आले. अशा वेळी नरिमन प्रिंटर या हौशी नभोवाणी तंत्रज्ञाने प्रक्षेपक उभारला. विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि बाबूभाई खाकर हे मेहता यांचे सहकारी होते. राममनोहर लोहिया यांचेही साहाय्य मिळाले.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटर लघुलहरींवर प्रक्षेपण सुरू झाले. ही तरंगलांबी सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेची असून आज ती हौशी चालकांच्या ४० मीटर पट्ट्यात येते. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, विदर्भातील आष्टी व चिमूर येथील घटना अशा दडपलेल्या बातम्या येथून प्रसारित होत.

श्रोत्यांना केंद्र सापडावे म्हणून तरंगलांबी जाहीर करणे भाग होते. त्यामुळे तेच प्रक्षेपण पोलिसांनाही ऐकता येई. दिशादर्शक आकाशक असलेला ग्राहक संच दोन ठिकाणी नेऊन लहरींची दिशा मोजली, की त्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे प्रक्षेपक असतो. पोलिसांची शोधगाडी मागावर असल्याने केंद्राची जागा वारंवार बदलली जाई. ध्वनिमुद्रण आणि प्रक्षेपणही वेगवेगळ्या ठिकाणी होत असे.

अटक आणि कारावास

अखेर एका तंत्रज्ञाने पोलिसांना माहिती दिल्याने केंद्राचा ठावठिकाणा उघड झाला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रक्षेपण सुरू असतानाच छापा पडला आणि उषा मेहता व चंद्रकांत झवेरी यांना अटक झाली. सुमारे सहा महिने चौकशी होऊनही मेहता यांनी सहकाऱ्यांविषयी काहीही सांगितले नाही. विशेष न्यायालयाने त्यांना चार वर्षांची शिक्षा दिली. पुण्याच्या येरवडा कारागृहात त्यांची प्रकृती खालावली. १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली.

उत्तरायुष्य

महात्मा गांधींच्या विचारांवर त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. मणिभवन येथील गांधी स्मारक संस्थेचे अध्यक्षपदही भूषवले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण पुरस्कार देण्यात आला. त्या आजन्म अविवाहित राहिल्या. मुंबईतील ऑगस्ट क्रांती दिनाच्या कार्यक्रमास उपस्थित राहिल्यानंतर दोनच दिवसांनी त्यांचे निधन झाले.